बांगड्यांसमोरचा बाक

“अहो, काय चविष्ट दिसतायत हे बांगडे! हो ना?”

कितीतरी वर्षांपूर्वीचा हा आवाज. पण लोणच्यात खार मुरावा तसा तो अजून माझ्या फळ्यांत मुरून राहिला आहे.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. योशिनोच्या डोंगरात मी देवदार होतो. मला कापलं, वाळवलं आणि ओसाकाला आणलं. एका म्हाताऱ्या सुताराने माझ्या कडांवरून पुन्हापुन्हा रंधा फिरवला. “लेकरांच्या पोटऱ्यांना टोचायला नको,” तो म्हणाला. मग मला मत्स्यालयात बांगड्यांच्या काचेसमोर ठेवलं. आत बांगड्यांचा थवा फिरे, उन्हात चांदीची परात गरगरावी तसा. ते फिरते, मी स्थिर. ते ओले, मी कोरडा. घर मात्र दोघांचंही लांब.

तेव्हा बसायला जागा मिळत नसे. आया माझ्यावर बाळांचे मोजे बदलत, आजोबा बुटांचे बंद सैल करत. “बाक छान आहे हं,” कुणी म्हटलं की मला पुन्हा पालवी फुटल्यासारखं वाटे.

दर उन्हाळ्यात, समुद्राच्या नावाने मिळणाऱ्या सरकारी सुट्टीला, एक कुटुंब हमखास येई. एका टोकाला एइसाकु, दुसऱ्या टोकाला लहानगी मिहोको आणि मधे तिची आई, किनुयो. माझ्या फळ्यांत मुरलेला तो आवाज तिचाच. काचेतले मासे पाहून तोंडाला पाणी सुटलं, की आमच्याकडे माणसं तसं बोलून मोकळी होतात. एइसाकुला ते खपत नसे. तो शहरबसचा चालक. दिवसभर पांढरे हातमोजे घालून थांब्यांची नावं पुकारायची. बसमधून उतरला, की तोंडाला कुलूप.

“शूऽ! लोक ऐकतायत,” तो पुटपुटे.

“ऐकू देत की. त्यांच्याही मनात तेच आहे!”

एकदा शेजारी उभी असलेली अनोळखी आजी लगेच म्हणाली, “मीठ लावून निखाऱ्यावर. वर किसलेला मुळा.”

“बघा!” किनुयो खिदळली.

“आई, हळू ना,” मिहोको म्हणाली, “आपण त्यांना खाणार हे त्यांना कळेल!”

“कळू दे. तुझ्या बाबांना विचारलेलं तरी कुठे कळतं?”

मित्रांनो, मला माणसं वजनावरून कळतात. उत्तर द्यायचं मनात आलं, की माणूस किंचित पुढे झुकतो. त्या ‘हो ना?’नंतर एइसाकु दर वेळी झुके. आणि दर वेळी पुन्हा मागे टेकून बसे.

पुढे मत्स्यालयात नवं दालन झालं. ठिपक्याठिपक्यांचा महाकाय मुशी मासा तिथे आला आणि सगळी पावलं तिकडे वळली. माझा रंग उडाला, एक पाय डुगडुगू लागला. सकाळी झाडूवाली बाई येई, माझ्याखालून झाडू फिरवी आणि निघून जाई. मग दिवसभर निळा उजेड, मुकं पाणी आणि मी. लाकडाला एकटेपण कसं कळतं म्हणाल, तर ऊब गेल्यावर कळतं.

ते कुटुंब मात्र येत राहिलं. मग एका उन्हाळ्यात दोघंच आली. एइसाकु आपल्या टोकाला बसला, मिहोको आपल्या. मधली जागा त्यांनी सोडली. ती जागा इतकी गार होती, की मी समजायचं ते समजलो.

त्यानंतर तो एकटाच येऊ लागला. पुढे झुकायचा. मागे टेकायचा. बस्स.

मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, फळ्यांखाली च्युइंगम चिकटवू नका, हे कुठलाही बाक सांगेल. मी आणखी एक मागतो. कुणी ‘हो ना?’ म्हणालं, तर उत्तर उद्यावर ठेवू नका.

यंदा समुद्राच्या सुट्टीला तो मिहोको आणि तिची चिमुकली वाकाना यांच्याबरोबर आला. उद्या त्याचं घर रिकामं होणार होतं. मिहोको त्याला दूर उत्तरेला, आपल्या घरी नेणार होती. पुन्हा इथे येणं कुठलं?

“बाबा,” मिहोको दबक्या आवाजात म्हणाली, “आई गेल्यापासून तुम्ही तिचं नावसुद्धा घेतलं नाहीत. निघण्याआधी एकदा तरी बोला ना तिच्याबद्दल.”

“बोलण्यासारखं काय आहे,” एइसाकु म्हणाला. “चला, मुशी बघू.”

पण उठला नाही.

वाकाना काचेला नाक लावून उभी होती. तिने आजीला कधी पाहिलं नव्हतं. बांगडे वळले, चांदी लखलखली आणि ती मागे वळून मोठ्याने ओरडली, “आजोबा, काय चविष्ट दिसतायत हे! हो ना?”

मिहोकोने चमकून बाबांकडे पाहिलं. एइसाकुचे ओठ ‘शूऽ’ म्हणायला गोल झाले. मग सैलावले.

तो पुढे झुकला. मी वाट पाहिली. तो मागे टेकला नाही.

त्याने मधल्या रिकाम्या जागेवर आपला हात ठेवला. ऊब हळूहळू माझ्या लाकडात उतरली.

“हो गं, किनुयो,” तो म्हणाला, लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “फार चविष्ट दिसतायत. मलाही दर वेळी तसंच वाटायचं.”