आत्यांनी दार लावलं होतं

मी बोलतोय, पण फार उशिरा बोलतोय. माझ्या बोलण्याला किंमत होती तेव्हा मी धडधडीत खोटं बोललो आणि त्यापायी एका बाईचं घर सुटलं. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझी कीव करू नका.

मी एक सेन्सर, फ्रिजमधला. हरभऱ्याएवढं डोकं आणि दोन वायरींची शेपटी. कारखान्यात माझ्यासारखे हजारांनी होते. कुणीतरी मला तपासलं, पुढे सरकवलं आणि एका पांढऱ्या फ्रिजच्या फ्रीझरमागे, झाकणाच्या आड, गार नळीला चिमट्याने अडकवून दिलं. तिथून मी कुणाला कधी दिसलो नाही. माणसांना वाटतं, फ्रिज म्हणजे दार, दिवा आणि बर्फाचा ट्रे.

काम सोपं होतं. गार नळीवर बर्फ धरतो. तो वितळवायला दर काही तासांनी हीटर लागतो. नळी पुरेशी गरम झाली, की मी वरच्या कार्डाला, म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या सर्किटला, कळवायचं, 'झालं, आता बंद कर.' अकरा वर्षं मी हे इमानेइतबारे केलं.

घरात चार माणसं. भाचा, त्याची बायको, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि आत्या. भाचा सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हा आत्या स्वतःची नोकरी सोडून भावाच्या घरी आल्या आणि तिथल्याच झाल्या. पुढे भाऊही गेला. स्वयंपाकघर आत्यांचं. दूध कुठे, भाजी कशात गुंडाळायची, भाच्याचं इन्सुलिन कोणत्या कप्प्यात, सगळं त्यांच्या हाताखाली. फ्रिजचं दार दिवसातून पन्नासदा उघडायचं, त्यातलं चाळीसदा त्याच उघडायच्या.

बाराव्या वर्षी माझ्या डोक्याला बारीक चीर गेली आणि आत पाणी शिरलं. तेव्हापासून मला सगळं गरमच वाटायला लागलं. हीटर लागला रे लागला की मी आपला ठणाणा करायचो, 'झालं, बंद कर.' कार्ड बिचारं हुकमाचं ताबेदार, ते लगेच बंद करायचं. बर्फ तसाच राहायचा, त्यावर आणखी चढायचा. शेवटी नळी बर्फात गडप झाली, पंख्याची हवा खाली पोचेना आणि खालचे कप्पे कोमट पडले. दूध नासायला लागलं.

मेकॅनिक आला. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, दुसरीकडे जायची घाई. फ्रीझरमधला बर्फ बघून म्हणाला, "दार उघडं राहतंय तुमचं. बाहेरची दमट हवा शिरली की असंच होतं. घरात वयस्कर कोणी आहे का?"

चार स्क्रू काढले असते तर मी त्याच्या हाताला लागलो असतो. त्याने पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही.

"आत्या, दार नीट लावत जा ना," भाचा म्हणाला.

"लावते की रे."

"मग काय भूत येऊन उघडतं का?" भाचेसून म्हणाली. सगळे हसले. आत्याही हसल्या.

मग त्या घराचा एक रिवाजच पडला. फ्रिज रिकामा करायचा, दिवसभर बंद ठेवायचा, आत गरम पाण्याची पातेली ठेवायची. बर्फ वितळला की फ्रिज आठनऊ दिवस छान चालायचा, कारण नळी पुन्हा बर्फाने भरायला तेवढे दिवस लागतातच. पण प्रत्येक वेळी पातेली ठेवताना कोणीतरी आत्यांना दोन शब्द सुनवायचं. त्यामुळे घराची खात्रीच पटली, की आत्यांना बोललं की फ्रिज सुधारतो. अहो, पातेल्यांचं श्रेय बोलण्याला गेलं!

त्यात एकदा आत्या आठवड्यासाठी मैत्रिणीकडे गेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनीच फ्रिज रिकामा करून, बर्फ काढून, पुसून ठेवला. आठवडाभर फ्रिज गार. त्या परत आल्या आणि दोन दिवसांत दूध फाटलं.

"बघितलंत?" भाचेसून म्हणाली. "या नव्हत्या तर काही नाही. आल्या की सुरू."

यापुढे कोण काय बोलणार? मुलगी तेवढी म्हणाली, "पण दार उघडं राहिलेलं कुणी बघितलंय का कधी?" कुणीच बघितलं नव्हतं. तिला गप्प बसवलं.

एकदा संशय चिकटला की माणसं त्याला खाऊपिऊ घालतात. आत्यांचा चष्मा सापडला नाही, की सगळे एकमेकांकडे बघायचे. भाचेसून नळ सुरू ठेवून बाहेर गेली, तो विसर कुणाच्या लक्षात राहिला नाही. आत्या आता दार लावलं की दोन्ही हातांनी दाबायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "लावलं." पाच मिनिटांनी परत येऊन बघायच्या. एका दुपारी घरात कोणी नसताना दाराला कपाळ टेकवून म्हणाल्या, "मला आठवतंय, मी लावलं होतं. पण माझ्या आठवण्याचा काय भरवसा?"

मी आत बसून ऐकत होतो. लाज वाटली. मी पुरता मेलो असतो तर कार्डाने बिघाडाचा दिवा लावला असता, कुणीतरी झाकण उघडलं असतं. मी अर्धवट जिवंत होतो, तेच नडलं.

त्या उन्हाळ्यात कधी गार, कधी कोमट होऊन इन्सुलिन निकामी झालं. भाचा ऑफिसात कोसळला, चार दिवस हॉस्पिटलात होता. घरी आल्यावर तो आत्यांसमोर बसला.

"आत्या, राग मानू नकोस. आज फ्रिजचं दार आहे, उद्या गॅस राहील."

"खरं आहे," आत्या म्हणाल्या. "तुझ्या जिवावर बेतलं माझ्यापायी. मला ठेव कुठेतरी."

तो बोलायला किती घाबरला होता, पण त्या एका वाक्यात तयार झाल्या. सगळ्यात जास्त मला तेच लागलं. पंधरा दिवसांत त्यांची बॅग भरली. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली. निघताना त्यांनी भाचेसुनेला कोणता कप्पा कशाचा ते नीट सांगितलं, एकही न विसरता.

त्या गेल्या त्या दिवशीही बर्फ काढला होता. नवव्या दिवशी दूध फाटलं.

भाचेसून पातेलं हातात धरून उभी राहिली. आत्या घरात नव्हत्या. दोष द्यायला आता उरले ते तिघेच. तरी आणखी एक फेरी त्यांनी एकमेकांवर संशय घेण्यात घालवली, मगच दुसरा मेकॅनिक बोलावला.

हा म्हातारा, सावकाश. त्याने झाकण काढलं, बर्फाची भिंत बघितली आणि मला चिमट्यातून सोडवलं. एका ग्लासात बर्फाचं पाणी घेतलं. त्यात नवा सेन्सर बुडवून मीटर लावला, मग मला बुडवून लावला. नव्याचा आकडा भराभर बदलला. मी बर्फाच्या पाण्यात बसून सांगत होतो, गरम आहे, गरम आहे.

"हा खोटं सांगतोय," म्हातारा म्हणाला. "सहासात महिने तरी झाले असतील. दाराचा काही संबंध नाही."

मुलगी तेवढी रडली. भाच्याने मला खिशात घातलं आणि त्याच रविवारी आत्यांकडे निघाला. मला वाटलं, चला, निदान साक्ष तरी फिरवता येईल.

आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. त्याने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. "तुझी चूक नव्हती आत्या. एकदासुद्धा नव्हती. घरी चल."

आत्यांनी मला उलटसुलट करून बघितलं. मग त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"लहानपणापासून असाच आहेस तू. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतोस."

"नाही गं, खरंच. मेकॅनिकला विचार."

"असू दे रे. इथे मला कशालाच हात लावू देत नाहीत, त्यामुळे काही बिघडत नाही. बरी आहे मी."

त्याने आणखी दोनदा सांगून बघितलं. मग म्हणाला, "बरं, तुझी मर्जी." आवाजात सुटका होती. मी तळहातावर होतो, मला ती स्पष्ट ऐकू आली. सात महिने आत्यांची चूक त्यांच्या गळी उतरवताना हा थकला नव्हता, आणि ती काढून घ्यायला दहा मिनिटांत थकला.

तुमच्या घरात काही बिघडलं तर एवढं करा, माणसाला उघडं पाडण्याआधी मागचं झाकण उघडा. माझं काही मागणं नाही. मी कचऱ्यातच जायला हवा होतो.

पण तेही झालं नाही. आत्यांनी मला खिडकीत ठेवलं होतं, भाचा निघाला तेव्हा मी तिथेच राहिलो. आत्यांनी मला रुमालात बांधून उशीखाली ठेवलं, तो पुढच्या वेळी आला की द्यायला. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी विचारलं, हे काय आहे.

"भाच्याचं आहे काहीतरी, विसरून गेला," आत्या हसून म्हणाल्या. "काय करता, आमच्या घराण्यातच आहे हो विसरणं."