दारावरची पुराची रेघ

मी लेव्हल बोलतोय. कॅमेरा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर अकरा वर्षं उभा राहून मी एकच प्रश्न ऐकत आलोय, "फोटो निघतो का हो यात?" नाही निघत. मी तिपाईवर बसतो, माझ्या डोळ्यातली आडवी रेषा समोर धरतो आणि लांब उभ्या केलेल्या आकड्यांच्या पट्टीवर ती कुठे लागते ते दाखवतो. एक जागा दुसरीपेक्षा किती उंच, किती खोल, हे त्यावरून कळतं. मला एवढं एकच काम येतं. ते मात्र मी चोख करतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पहिली दोन वर्षं मी हायवेच्या कामावर एका ठेकेदाराकडे होतो. तिथे मला जेवणाच्या डब्यांशेजारी टाकून न्यायचे. एकदा मागे येणारा डंपर तिपाईला लागला आणि मी खडीवर आपटलो. तेव्हापासून माझ्या पायाचा एक स्क्रू जड फिरतो. काम संपल्यावर महाडच्या प्रवीणने मला घेतलं. हा लोकांच्या जागा मोजतो, घरांचे नकाशे काढतो, आणि पेटीत ठेवण्याआधी मला मऊ फडक्याने पुसतो. पट्टी धरायला त्याच्याबरोबर उमरठचा दत्ताराम असतो. पन्नाशीचा माणूस. पट्टी सरळ धर, हे त्याला नऊ वर्षांत नऊशे वेळा सांगून झालंय.

"सरळच हाय की!" असं म्हणून तो पट्टीला टेकतो आणि तंबाखू मळतो.

बाकीच्यांचं तर विचारूच नका. मी रस्त्याकडेला उभा राहिलो की पाच मिनिटांत कोणीतरी येतं. "आमची जागा जाते का?" प्रवीण सांगतो, जात नाही, गटाराचा उतार बघतोय. माणूस मान हलवतो आणि पुढे जाऊन दहा जणांना सांगतो की जागा जाते. पाचाडला एका खानावळीच्या ओट्याची उंची घेत होतो, तर मालकाने पट्टी स्वतःच्या हाताने वीतभर वर उचलून धरली. का? तर ओटा उंच दिसावा म्हणून.

आणि पुराची उंची विचारली की माणसं स्वतःचं अंग दाखवतात. कमरेएवढं पाणी. छातीएवढं पाणी. अहो, कोणाची कमर? कुठे उभं राहून? असं विचारलं की उत्तर मिळत नाही, राग मिळतो.

आता ज्या कामामुळे मी बोलायला बसलो ते सांगतो.

महाडला नदीकडच्या एका गल्लीत नुरजहाँचाचीचं घर. चाचीचं वय सत्तरीला टेकलेलं, दोन्ही गुडघे दुखरे. २०२१च्या जुलैत घरात पाणी शिरलं, तेव्हा समोरच्या इमारतीतली शकू आणि तिचा नवरा यांनी तिला उचलून आपल्या जिन्यावर नेलं. दीड दिवस ती तिथे बसून होती. पाणी ओसरलं, पण घराच्या भिंती पुढे दरवर्षी थोड्या थोड्या फुगत गेल्या. शेवटी यंदा कुवेतला असणाऱ्या तिच्या मुलाने, दिलावरने, घर पाडून नवं बांधायला काढलं.

चाचीची मागणी एकच होती. "परत कोणी मला उचलून न्यायचं नाय. माझा पलंग कोरडा राहिला पाहिजे."

दिलावरचीही एकच होती. पायऱ्या कमी ठेवा, अम्मीला चढवत नाही.

या दोन मागण्यांच्या मधे जोत्याची उंची बसवायची होती. त्यासाठी पाणी नेमकं कुठवर आलं होतं ते कळायला हवं. पूर ओसरला की आमच्या महाडात घरोघर पाण्याच्या खुणेवर रेघ ओढतात, शेजारी तारीख लिहितात. चाचीकडे ती पुढच्या दारावर होती. घर बांधणाऱ्या हैबती मिस्त्रीला प्रवीणने बजावलं, "पोलादपूरला दरडीच्या भिंतीचं काम आहे, ते उरकून येतो. मी उंची घेईपर्यंत त्या दाराला हात लावू नका."

पोलादपूरला आम्हाला तीन आठवडे लागले. तीनच आठवडे थांबायचं होतं.

परत आलो तर घर नव्हतं. जांभ्या चिऱ्यांचं नवं जोतं बांधून तयार, बाजूला मुरुमाचा ढीग. आणि शकूच्या इमारतीला टेकवून ते दार उभं. निळं दार, त्यावर पांढरी रेघ, तारखेसकट.

"मिस्त्री, दाराला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"नाय लावला साहेब," हैबती म्हणाला. "म्हंजे काढलं, पन जपून काढलं. बघा, रेघेला ओरखडा नाय."

मला तोंड असतं तर मी गल्लीत बोंब मारली असती. रेघ जपून काय करता? रेघ दारावर असली तरी उंची त्या जागेची असते. जागेवरून हललं की उरतो तो नुसता पांढरा रंग!

हैबतीकडे उत्तर तयार होतं. "एवढं कळतं आमाला. पाया खणायच्या आधी दार परत जुन्या उंबऱ्यावर उभं केलं. सूत लावलं. रेघेच्या वर चार बोटं जोतं घेतलं. चार बोटं जादाच हाय की! दिलावरभाईला फोनवर दाखवलं, ते पन खूश झाले."

शकूच्या दारात खुर्ची टाकून चाची बसली होती. प्रवीण तिच्याकडे गेला. "चाची, पाणी कुठवर आलं होतं, आठवतं?"

"दाराचं मला काय विचारतोस? मी दाराजवळ होते कुठं? मी होते या जिन्यावर. तांदळाचा डबा सातव्या पायरीवर ठेवला होता. त्याच्या बुडाला पाणी लागलं तसा उचलला. त्याच्यावर पाणी आलं नाय. आठवी कोरडी."

"नक्की सातवीच?"

"दीड दिवस मोजायला दुसरं होतं काय मला?"

अकरा वर्षांत प्रथमच कोणीतरी मला कंबर न दाखवता पायरी दाखवली होती. आणि तो सिमेंटचा जिना कोणी काढून भिंतीला टेकवून ठेवला नव्हता.

प्रवीणने मला गल्लीच्या मधोमध उभं केलं. दत्तारामने सातव्या पायरीवर पट्टी धरली, चक्क सरळ. आकडा आला चौऱ्याण्णव सेंटीमीटर. मग नव्या जोत्यावर पट्टी ठेवली. एकशे दहा. माझ्या हिशेबात आकडा वाढला की जागा खोल. म्हणजे जोतं पुराच्या पाण्यापेक्षा सोळा सेंटीमीटर खाली होतं. पुन्हा तेवढंच पाणी आलं तर चाचीच्या पलंगाचे पाय बुडणार होते.

हैबती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही मशीन पडलेली हाय ना मागं? बिघडली असंल."

दार याने हलवलं, घर याने पाडलं, आणि बिघडलो मी! प्रवीणने मला उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, जड स्क्रू हळूहळू फिरवत मी सपाट बसलोय हे दाखवणारा माझा बुडबुडा मधे आणला आणि दोन्ही जागा पुन्हा वाचल्या. आकडे वेगळे आले, एकशे एकवीस आणि एकशे सदतीस. फरक सोळाच. मी बिघडलेला असतो तर फरकही बदलला असता.

तेवढ्यात चाची शकूच्या खांद्याला धरून उठली आणि दारापाशी गेली. तिने कडीला हात लावला आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

"मिस्त्री, ही कडी माझ्या खांद्याला लागायची. आता कोपरापाशी कशी आली?"

हैबतीने दाराकडे पाहिलं. मग खाली, दार टेकलं होतं तिथे पाहिलं.

"खालनं कुजलं होतं," तो हळूच म्हणाला. "सरळ उभं राहीना. म्हणून वीतभर कापलं."

"कधी?" प्रवीणने विचारलं.

"उंबऱ्यावर उभं करायच्या आधी."

"वा मिस्त्री!" शकू म्हणाली. "वीतभर पूरच कापून टाकलात की!"

खालून कापल्यावर रेघही तेवढीच खाली आली होती. दत्ताराम हसला आणि पट्टी पुन्हा तिरकी झाली. हैबती मात्र खाली बसला. चार बोटं वर घेतलेल्या जोत्याचा त्याला फार अभिमान होता.

दिलावरला फोन लावला. तो ऐकेना. "सोळा सेंटीमीटरने काय होतंय? दरवर्षी थोडाच तसला पूर येतो? आणखी चढवलं तर पायऱ्या किती होतील?"

"चिऱ्यांचे दोन थर घ्यावे लागतील. सहाच्या आठ पायऱ्या होतील," प्रवीण म्हणाला.

"मग राहू दे. अम्मीचे गुडघे तुम्ही बघितलेत काय?"

चाचीने फोन ओढून घेतला. "गुडघे माझे हायत, मी बघते. आठ पायऱ्या मी बसत बसत चढेन. सकाळची निघाले तर दुपारपर्यंत पोचेन. पण पाणी आलं तर त्याला बसायला सांगायला तू कुवेतवरनं येणार काय? दोन्ही बाजूंनी कठडा लावायला सांग, आणि फोन ठेव."

हैबतीने ते दोन थर स्वतःच्या हाताने चढवले. प्रत्येक थराला मला बोलावणं आलं, एकदा तर एका दिवसात तीनदा. आता जोतं सातव्या पायरीपेक्षा वीस सेंटीमीटर वर आहे. परवा त्या गल्लीतून जाताना पाहिलं. भिंती उभ्या राहिल्यात. चाची कठड्याला धरून चढत होती. चौथ्या पायरीवर ती दम खायला बसली आणि तिथूनच हैबतीला खिडकीच्या कामावरून दोन शब्द सुनावले. मग उठून उरलेल्या चार चढली.

माझ्या डोळ्याची काच आता थोडी धूसर झालीय, स्क्रू पूर्वीपेक्षा जड फिरतो. प्रवीण नवं यंत्र घेण्याचं बोलतो. घेईल, माझी हरकत नाही. फक्त लोक नवे मिळणार नाहीत, याचं वाईट वाटतं.

कारण काल एक गृहस्थ ऑफिसात आले. म्हणाले, "भिंत पाडली, पण काळजी नको." आणि पिशवीतून एक वीट काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर रेघ होती.

प्रवीणने डोक्याला हात लावला. मला तेही करता येत नाही. हात जोडून सांगावं, तर हात नाहीत, तीन पाय तेवढे आहेत. ते एकदा तुमच्या दारापुढे टेकू द्या. दार चौकटीत असताना, भिंत उभी असताना. घर पाडायच्या आधी, नंतर नव्हे. आधी.