सगळं तसंच आहे

श्रीकांत सरांचा गेलेला आवाज परागने परत आणला होता, आणि तो पुन्हा घालवलाही परागनेच. दोन्ही वेळा त्याने केलं ते एकच, कॉम्प्युटरचं रूप बदललं. पहिल्या वेळी शहाणपणाने आणि दुसऱ्या वेळी अतिशहाणपणाने, एवढाच काय तो फरक.

सर म्हणजे परागचे आप्पा. सगळी नोकरी सुरतेत, लिंबायतच्या मराठी शाळेत गेली. खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली. "अर्ध्या लिंबायतचे कान पिळलेत मी," असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत लकव्याने गाठलं. उजवं अंग लुळं पडलं. बोलणं गेलं, नुसतं एक 'टा' तेवढं तोंडात राहिलं. आणि ज्या माणसाने जन्मभर बाराखडी शिकवली, त्याला अक्षरं ओळखू येईनात. "त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले, "फक्त शब्द बाहेर येत नाही." हे ऐकून बरं वाटून घ्यावं की रडावं, हे परागच्या आईला, सुधाबाईंना, कळेना.

पराग रिंगरोडवर एका साडीच्या व्यापाऱ्याकडे कॅटलॉग करायचा. कॉलेजपासून त्याला एक खोड होती. कॉम्प्युटरचं नवं व्हर्जन आलं की जग नव्याचं कौतुक करायचं आणि हा गडी ठाण मांडून त्याला जुन्याचं रूप द्यायचा. खालची पट्टी उचलून डावीकडे उभी करायची, मधलं बटण कोपऱ्यात न्यायचं, खिडक्यांना जुना निळा रंग द्यायचा. "नवी सून आणायची अन् तिला जुन्या सुनेची साडी नेसवायची, असला उद्योग आहे तुझा," सुधाबाई म्हणायच्या. पण हाच रिकामटेकडा उद्योग आप्पांच्या कामी आला.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती तेव्हा आप्पांनी फोनवर धडे रेकॉर्ड करून मुलांना पाठवले होते. परागने ते शोधून काढले आणि त्यातून वाक्यं कापली. पलंगासमोर मोठा स्क्रीन लावला, आप्पांच्या डाव्या हाताशी माऊस दिला, आणि एक छोटा प्रोग्राम घालून अख्ख्या स्क्रीनचा चित्रांचा फळा केला. वर तांब्या, त्याच्या शेजारी कपबशी, खाली पोट धरून बसलेला मुलगा, कोपऱ्यात सुधाबाईंचा फोटो. चित्र दाबलं की आप्पांचा आवाज यायचा. धड्यात जे होतं तेच यायचं, त्याला इलाज नव्हता. कपबशी दाबली की "आसाममध्ये चहा फार पिकतो!" आणि सुधाबाई आधण ठेवायच्या. पोट दाबलं की "माझे पोट दुखते. यातले क्रियापद कोणते?" मायलेक भांडायला लागले की आप्पा मिश्कीलपणे हाताची घडी घातलेल्या मुलाचं चित्र दाबायचे आणि खणखणीत आवाज यायचा, "शांत बसा!" सुधाबाईंच्या फोटोमागे मात्र धड्यातलं वाक्य नव्हतं. रेकॉर्डिंग संपवताना आप्पांची धांदल उडाली होती, ते तसंच राहिलं होतं: "सुधा, हे बंद कसं करायचं गं?" दिवसभरात सगळ्यात जास्त वाजायचं ते हेच.

आप्पांना ती चित्रं नीट पाहावी सुद्धा लागत नसत. हात आपोआप जागेवर जाई, घरातल्या दिव्याच्या बटणावर जातो तसा.

मग ते अपडेट आलं. 'तुमचं व्हर्जन जुनं झालं' असा निरोप सारखा स्क्रीनवर येऊन बसायचा, नेमका तांब्यावर. आप्पा चिडून 'टा टा' करायचे. एका रविवारी दुपारी आप्पा झोपले असताना परागने ते नवं व्हर्जन घालून टाकलं. आजवर एकेक व्हर्जन त्याने नमवलं होतं, याचं काय घेऊन बसलात! आणि कोणताही हौशी कारागीर करतो तीच चूक त्याने केली. जागा अडते म्हणून जुन्या व्हर्जनच्या फायली लगोलग पुसून टाकल्या. माघारीचे दोर स्वतःच्या हाताने कापले आणि मग तो फळा उघडायला गेला.

फळा उघडला नाही. हा प्रोग्राम इथे चालत नाही, एवढंच नवं व्हर्जन सांगत होतं. ज्याने तो प्रोग्राम बनवला होता त्याने कधीच दुकान बंद केलं होतं. पट्टी खाली चिकटून बसली होती, हलायला तयार नव्हती. बटण मध्यभागी. तांब्याच्या जागी आता सुरतचं हवामान होतं. परागच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आवाजांचा सगळा फोल्डर स्क्रीनवर ओतला. आवाज सगळे शाबूत होते, एकही गेला नव्हता. पण प्रत्येकाचं तोंड सारखं, पांढरा कागद आणि त्यावर गाण्याच्या सुराची एक खूण. खाली नावं होती, पण आप्पांना ती वाचता येणार नव्हती.

"त्यांना काही बोलू नको हां," सुधाबाईंनी आधीच बजावलं. आजारी माणसाला वाईट सांगायचं नाही, हा त्या घरचा नियमच होता. अमळनेरला आप्पांचे थोरले भाऊ वारले, तेही त्यांच्यापासून लपवलं होतं. "मोठे दादा बरे आहेत," सुधाबाई अजून सांगायच्या. "तू करशीलच की नीट. तोवर कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

आप्पा उठले. सवयीने हात तांब्याच्या जागी गेला आणि हवामानाची खिडकी उघडली. त्यांनी ती पाहिली. पुन्हा दाबलं. मग एक पांढरा कागद दाबला. "शांत बसा!" त्यांचाच आवाज त्यांच्यावर ओरडला. त्यांनी दचकून सुधाबाईंकडे पाहिलं.

"काय झालं हो?" सुधाबाई गोड हसून म्हणाल्या. "काही नाही झालं. सगळं तसंच आहे."

त्यानंतरचे दिवस परागने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. ऑफिसातून आला की चपला न काढता तो कॉम्प्युटरला भिडायचा. जगभरचे लोक जिथे असल्या गोष्टींवर भांडतात त्या सगळ्या जागा त्याने पालथ्या घातल्या. पट्टी हलवायचं एक औजार मिळालं, ते घातलं तर सगळा स्क्रीन लुकलुकायला लागला. नवी चित्रं करून पांढऱ्या कागदांना चिकटवली, तर ती जागेवर राहीनात. बंद करून चालू केलं की सगळी डावीकडे गर्दी करून उभी, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. एकदा तर सगळा स्क्रीन काळाठिक्कर पडला. कतारगामचा त्याचा मित्र ललित येऊन गेला. कॉम्प्युटरमधला पट्टीचा माणूस, पण त्यानेही हात टेकले. "भाई, आ... हे नाही होणार," तो जिन्यात हळूच म्हणाला. "सगळं पुसून परत पहिल्यापासून बांध." पहिल्यापासून बांधायला जुनं व्हर्जन हवं होतं, आणि ते आता या मशीनवर बसेना.

पराग रोज काहीतरी नवं करून आप्पांसमोर आशेने ठेवायचा. एक दिवस चित्रं बारीक, दुसऱ्या दिवशी मोठी पण वेगळ्या जागी, तिसऱ्या दिवशी तांब्या वर आणि कपबशी गायब. आणि रोज सुधाबाई तेच सांगायच्या, "तसंच तर आहे! बघा ना नीट."

आप्पा नीट बघायचे. स्क्रीनकडे बोट करायचे, मग तेच बोट आपल्या कपाळावर ठोकायचे. पुन्हा स्क्रीन, पुन्हा कपाळ. डोळ्यांत पाणी यायचं. "डोकं दुखतंय त्यांचं," सुधाबाई म्हणायच्या आणि बाम चोळायच्या. आप्पा तो हात झटकायचे, आणि त्या अजून चोळायच्या.

एका सकाळी आप्पांनी माऊस ढकलून खाली पाडला आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवण आणलं तर ओठ मिटून घेतले. चमचा लावला की मान फिरवायचे. पाणी तेवढं कसंबसं घशात जाई. डॉक्टर येऊन बघून गेले. नवा झटका दिसत नाही म्हणाले, पण असंच राहिलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल, असंही म्हणाले. सुधाबाई देवापुढे जाऊन बसल्या. पराग स्क्रीनसमोर बसला. आपण बापाची जीभ कापली, असं त्याला वाटत होतं, आणि ते कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला तो केवळ घरात बसवेना म्हणून. तिथेही तेच अपडेट येऊन बसलं होतं. सगळीकडे कुरकुर चालली होती. कोपऱ्यात म्हातारे हिशेबनीस मगनकाका चष्मा पुसून पुसून स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी जिथे बटण असायचं तिथे दाबलं, पुन्हा दाबलं, आणि घाबरेघुबरे होऊन ओरडले, "अल्या पराग! आ शुं थयुं? मारुं मगज फरी गयुं के शुं?"

आणि डोकंच फिरलं की काय माझं, असं विचारत त्यांनी बोटाने आपलं कपाळ ठोकलं.

"तमारुं नहीं काका," पलीकडून बिलं करणारी मयुरी हसून म्हणाली, "कॉम्प्युटरनुं फर्युं छे!" सगळे हसले. मगनकाकाही हसले, जिवात जीव आल्यासारखे.

पराग हसला नाही. आप्पांचं डोकं दुखत नव्हतं. ते विचारत होते. स्क्रीन की मी? आणि घरातली दोन माणसं, ज्यांच्यावर त्यांचा सगळा भरवसा, ती रोज हसून सांगत होती की स्क्रीन तसाच आहे. म्हणजे राहिलं काय? पुन्हा झटका आला, उरलंसुरलं डोकंही गेलं, आणि ही माणसं आपल्यापासून लपवतायत, असंच त्यांनी धरलं असणार. आजारी माणसापासून वाईट लपवायचं, हा घरचा नियम तर त्यांना ठाऊकच होता.

कुणाला न सांगता तो निघाला. लिंबायतच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यात रिक्षा अडकली, तर उतरून घामाघूम होत पळत सुटला. घरात शिरला तो थेट पलंगापाशी जाऊन खाली बसला.

"आप्पा, इकडे बघा. हे खराब झालंय," तो स्क्रीनकडे हात करून म्हणाला.

"परागा!" सुधाबाई मागून डोळे वटारत होत्या.

"आई, तू थांब. आप्पा, मी यात नवं व्हर्जन घातलं. सगळं बदललं. सगळ्या जगाचं बदललंय, आमच्या ऑफिसात पण. मला परत पहिल्यासारखं करता येत नाहीये. मी रोज प्रयत्न करून राहिलोय, म्हणून ते रोज वेगळं दिसतं. तुम्हाला काही झालेलं नाही. आम्ही खोटं बोललो."

मग आप्पांनी मान वळवली. डावा हात उचलून त्यांनी आपलं कपाळ ठोकलं आणि भुवया वर केल्या.

"नाही आप्पा. तुम्ही नाही." परागने स्क्रीनवर थाप मारली. "हे."

आप्पांच्या छातीतून एक आवाज निघाला. 'टा... टा...' हसणं होतं की रडणं, ते सांगता आलं नसतं. बोटं परागच्या डोक्यावर आली, चाचपडत कानाशी गेली, आणि आप्पांनी त्याचा कान धरून असा पिळला की तो कळवळला. सुधाबाई तोंडावर पदर घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांच्याकडेही आप्पांनी एकदा रोखून पाहिलं. मग माऊसकडे बोट केलं.

परागने तो हाताखाली ठेवला. चिकटवलेली चित्रं एव्हाना निघून गेली होती, समोर पुन्हा पांढऱ्या कागदांची ती ओळ होती, सगळे सारखे. आप्पांनी पहिला दाबला. "आसाममध्ये चहा फार पिकतो!" दुसरा. "शांत बसा!" चुकीचं निघालं की आता ते दचकत नव्हते. नुसती मान हलवून पुढे जात होते, वर्गात हजेरी घ्यावी तसे. तिसऱ्या का चौथ्या कागदातून आलं, "सुधा, हे बंद कसं करायचं गं?" तिथे ते थांबले आणि दाराकडे बघत पुन्हा दाबलं.

"आले हो," सुधाबाई म्हणाल्या आणि तशाच रडत रडत मऊ भात आणायला आत गेल्या.

पराग खाली बसून होता. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं आता बाहेर येत होतं, आणि हमसून हमसून रडणं त्याला आवरत नव्हतं. आप्पा कागद दाबत पुढे गेले. ओळीच्या शेवटी असे काही तुकडे होते ज्यांना परागने कधी चित्रच दिलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला लागतील, म्हणून फोल्डरमध्ये तसेच सोडून दिलेले. फळा असता तर आप्पांना ते कधी सापडलेच नसते. त्यातला एक त्यांनी दाबला. शुद्धलेखनाचा तास होता. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"चुकलं तर खोडायचं. रडत बसायचं नाही."

आप्पा थबकले. त्यांनी खाली बसलेल्या परागकडे पाहिलं, आणि त्याने वर बघेपर्यंत थांबले. मग त्याच्याकडे बघत बघतच, न चुकता, त्यांनी तो कागद पुन्हा दाबला आणि या वेळी शेवटपर्यंत वाजू दिला.

"चुकलं तर खोडायचं. रडत बसायचं नाही. हं, पुढचा शब्द."