वाऱ्यासाठी पिढा

काळं, गोल, मधे भोक... सुपातल्या तांदळात ते दिसलं तेव्हा मनकर्णाबाईला आधी वाटलं की किडा आहे, मग वाटलं कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण. पण या घरात सदरा घालणारं आता कुणी नव्हतं. चिमटीत धरून दाबलं तशी त्याची कड तडकली, आणि बोटांना जे कळलं ते डोळ्यांना जरा उशिरा कळलं — हे वरून पडलं आहे. टिनाच्या हुकाखालचं रबराचं वायसर. उन्हात शिजून शिजून पापडासारखं झालेलं. तिने मान वर केली. पत्र्यात जिथून ते निसटलं होतं तिथे उजेडाचा एक ठिपका होता, आणि त्या ठिपक्यातून उतरलेलं ऊन खाली तिच्या पायाच्या अंगठ्याजवळ पडून होतं, गोल, थरथरतं. थरथरतं कशाने? ऊन तर आपल्या मनाने हलत नाही. म्हणजे पत्रा हलतो आहे.

बाहेर तर पान हलत नव्हतं. वैशाखातली दुपार, सगळं करडी गाव दारं लोटून निजलेलं, आणि तरी वर कुठेतरी, पत्रा आणि त्याखालची लाकडी बल्ली यांच्या मधे, एक बारीक किरकिर सुरू होती. तिचा कान वर गेला. कान असा वर जातो म्हणजे काय होतं, हे जन्मभर स्लॅबखाली राहिलेल्याला सांगून कळायचं नाही. बाई चुलीशी असते, हात पिठात असतात, ती लेकराशी बोलतेही, हसतेही, आणि एक कान मात्र छपराला चिकटलेला असतो. तिचा तो, लग्न होऊन ती या घरात आली त्या उन्हाळ्यात, चिकटला, आणि मग खाली आलाच नाही.

सूप बाजूला ठेवायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. नागपूरहून प्रफुल्ल होता.

"आई, जेवली काय?"

"जेवली."

"इकडे मोबाइलवर दाखवून राहिले, संध्याकाळच्या आत भंडाऱ्याकडे वादळ हाये म्हणते. तुलारामभाऊले सांग, मागच्या पत्र्यावर रेतीची पोती ठेवून देतील."

"तुलाराम लग्नाले गेला तुमसरले. शेजारी शकुनबाई एकटीच हाये."

"मग तू त्यांच्या स्लॅबच्या खोलीत जाऊन बस. घराचं जे होईन ते होईन." मग त्याने आवाज खाली आणला. "आई, मागच्या वर्षी काय ठरलं होतं, ध्यानात हाये ना?"

"हाये बापा. काहून नाही राहीन?"

मागच्या वर्षी याच दिवसांत मागचे पत्रे उडून शकुनबाईच्या लिंबाच्या झाडात जाऊन बसले होते, वटवाघळासारखे. प्रफुल्लने सुट्टी काढली, नवे पत्रे टाकून दिले, आणि हात धुता धुता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला होता — या खेपेला करून दिलं, आई. पुढच्या खेपेला टिन उडाली तर मी चढणार नाही, कुलूप लावू अन् तू नागपूरले चाल. ती "बरं" म्हणाली होती. हातात टॉवेल धरून उभी होती आणि टॉवेल देता देता "बरं" म्हणाली होती, एवढंच. पण तोंडातून गेलेला शब्द परत गिळायची या घरात रीत नव्हती. पत्रा राहिला तर ती राहणार, पत्रा गेला तर ती जाणार. शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक होतं की मास्तरीणबाईला, म्हणजे तिला, जायचं नाही. तीच तर सांगत फिरली होती.

आणि जे सांगितलं नव्हतं ते असं होतं, की डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिवाळ्यात ती प्रफुल्लकडे राहिली तेव्हा तिला झोप आली होती. अशी झोप... विहिरीत सोडलेली बादली तळाला जाऊन टेकावी आणि कुणी दोर ओढूच नये, अशी. सून सकाळी म्हणायची, आई, तुम्ही किती गाढ झोपता, मले भीतीच वाटते. वरती स्लॅब, त्याच्या वरती कुणाची तरी फरशी, त्याच्यावर आणखी कुणाचं तरी घर. वाऱ्याने खिडकी वाजली तरी ती खिडकीच वाजायची, घर नाही. परत करडीला आली आणि सगळ्यांना सांगितलं, तिथं करमत नाही व बाई, माणसाले माणूस विचारत नाही. तेही खोटं नव्हतं. पण त्या झोपेचं कुणाला कसं सांगायचं? ज्या छपराखाली संसार झाला त्याच्याखाली आपल्याला झोप येत नव्हती, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

ती उठली. गुडघे धरून, भिंत धरून. पोती वर चढवणं आता तिच्या हातचं नव्हतं, पण मागच्या वाडीकडे छप्पर उतरत उतरत इतकं खाली आलेलं होतं की काहीतरी पायाखाली घेतलं तर बल्लीच्या टोकाला हात पोचला असता. गोठ्याच्या भिंतीतल्या खुंटीवर चांदी गायीचं दावं अजून तसंच लटकलेलं होतं. गाय जाऊन वर्षं झाली, दाव्यावर मानेचा तेलकटपणा अजून होता. पायाखाली घ्यायला तिने कोठीच्या मागून पिढा काढला — सागाचा, बुटका, एक पाय किंचित आखूड. बायजाबाईचा. सासूचा.

पिढा उचलला आणि सासू आलीच...

कवेलूचं, कौलारू घर होतं तेव्हा. उन्हाळ्यात सगळे कवेलू उतरवून पुन्हा ओळीने लावायचे, त्याला कवेलू फेरणं म्हणत. बायजाबाई खाली याच पिढ्यावर बसून एकेक कवेलू बोटाच्या पेराने वाजवायची. खणखणलं की वर, बद्द बोललं की चुलीमागे. वारा आला की फटींतून घरात शिरायचा, आढ्याची धूळ जेवणात पाडायचा, जाता जाता काही कवेलू न्यायचा, पण घर न्यायचा नाही. "घराले दम घेता आला पाह्यजे व," सासू म्हणायची. कवेलूचं घर थोडंथोडं जातं आणि थोडंथोडं परत लावता येतं. टिनाचं तसं नाही. ते राहतं तोवर सगळं राहतं, आणि जातं ते एकदम. तिचे यजमान, मास्तर, तसेच गेले, पेपर वाचता वाचता. सासू मात्र कवेलूसारखी गेली, आधी डोळे, मग गुडघे, मग नातवाचं नाव. आणि मी? मी कशी जाऊन राहिले?

टिन आली ती जिल्हा फुटला त्या उन्हाळ्यात. गोंदिया वेगळा झाला आणि तिचं तिरोड्याकडचं माहेर, जागचं न हलता, परजिल्ह्यात गेलं. वानरांनी नाचून नाचून कवेलूंचा चुरा केला होता, कुंभाराने नवे करणं सोडलं होतं. टिन चमकायला लागली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. आता कवेलू फेरणं नाही, असं वाटलं होतं. आता कान खाली येईल...

पिढा तिने बल्लीखाली ठेवला, आखूड पायाखाली खापराचा तुकडा सरकवला आणि वर चढली. दावं बल्लीवरून टाकायला दोनदा हुकली. तिसऱ्यांदा पडलं, आणि एक टोक तिने तिथेच बल्लीला आवळलं.

"अवं मास्तरीणबाई!" कुंपणापलीकडून शकुनबाई. उन्हात वाळत घातलेलं कांडण आवरायला आलेली, डोक्यावर रिकामं टोपलं उलटं. "घराले दावं लावून राहिल्या? दूध काढता काय आता?"

"देईन तर काढीन."

"लाथ मारीन, पाहा. उतरा खाली. हाडं मोडली तर तुमचा पोरगा मलेच विचारीन, तू काय पाहून राहिली होती म्हणून."

"तूच ये न मग धराले."

"माह्या कंबरेनं मलेच धरलं हाये. उडाली तर उडाली बापा टिन! तिकडे लिफ्ट हाये, बेसिन हाये, सून हातात ताट देते. मले कोणी बोलवत नाही, नाहीतर मी आज रातीच्या गाडीनं गेली असती."

"मग तू जा माह्या जागी."

"अन् तुमच्या टिना माह्या लिंबात आल्या तर कोण काढीन?" शकुनबाई हसली, मग तिचं हसणं अर्ध्यातच थांबलं, कारण पश्चिमेकडे, धानाच्या मोकळ्या बांध्यांच्या पलीकडे, आभाळ मातीच्या रंगाचं झालं होतं. "चाला इकडे, खोलीत. आयकलं का?"

"येतो. हे बांधून येतो."

शकुनबाई पळाली. तिच्या दाराची कडी वाजलेली ऐकू आली.

मनकर्णाबाई पिढ्यावरून उतरली. दाव्याचं दुसरं टोक जमिनीतल्या चांदीच्या खुट्याला गुंडाळलं आणि गाठ मारली, वर्षानुवर्षं मारलेली तीच, एका झटक्यात सुटणारी. हाताला दुसरी येतच नव्हती. मग ती ताठ झाली, कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. सगळं घर एका दाव्याने खुट्याला बांधलेलं. मास्तरांनी पाहिलं असतं तर...

मास्तर. टिन टाकल्यावरच्या पहिल्याच वादळात ही बल्ली आतून उचलायला लागली होती, आणि ज्यांचं पाऊल वाजलं की शाळेतली पोरं चूप व्हायची ते केशव मास्तर उडी मारून बल्लीला लोंबकळले होते. लेंगा घसरलेला, चष्मा एका कानावर. "मनकर्णा, पाय धर!" ते ओरडले. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली ती पहिली खेप. तोवर नुसतं "आयकलं का" होतं. पिठाने भरलेल्या हातांनी तिने त्यांच्या कंबरेला मिठी मारली, आणि वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्याला ती दोघं जमिनीवरून वीतभर वर जायची नि खाली यायची, वर जायची नि खाली यायची. वारा गेल्यावरही तिने सोडलं नव्हतं. "सोड आता," ते म्हणाले, आणि मग दोघंही भिंतीला टेकून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या सदऱ्यावर मागून पिठाचे दोन पंजे उमटले होते. दुसऱ्या दिवशी तो सदरा धुवायला तिने उगीच उशीर केला होता.

पहिली झुळूक आली. मातीचा वास, आणि पळसाचं एक वाळलं पान वाडीभर पळत गेलं. वर टिन एकदा कडाडली. दावं ताणलं, ढिलं झालं, ताणलं.

आता जायला हवं होतं. शकुनबाईची खोली चार पावलांवर होती. पण तिची नजर पिढ्यावर गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण तो उचललाच नाही. तो वाडीत मांडलेला आहे, पश्चिमेकडे तोंड करून, बायजाबाई मांडायची अगदी तसा.

वादळाचं चिन्ह दिसलं की बायजाबाई दोन कामं करायची. गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडायची, कारण छप्पर कोसळलं तर बांधलेलं जनावर जागीच मरतं, सुटं असलं तर आपली वाट शोधतं. आणि अंगणात पिढा मांडून शेजारी पाण्याचा गडवा ठेवायची. "बस बापा," ती मोकळ्या अंगणाला म्हणायची, "लांबून आला, थकला असशीन." मास्तर चिडायचे. आई, आपण दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, अन् तू वाऱ्यापुढे पिढा मांडून राहिली? बायजाबाई शांतपणे म्हणायची, "वारा का देव होय? पाहुणा होय तो. दारात आलेल्याले बस म्हणाव, पाणी द्याव. त्याच्यात कोणती दीक्षा मोडली?" सासू गेली त्या वर्षी वादळ आलं तेव्हा मास्तर उठले, कुणाकडे न बघता पिढा घेऊन अंगणात गेले, मांडून आले, आणि पुन्हा वह्या तपासायला बसले.

वारा आला. झुळूक नाही, वारा. लिंबाचं झाड एका बाजूला लवलं ते लवलेलंच राहिलं. पदर डोक्यावरून गेला, डोळ्यांत माती गेली. वर सगळे पत्रे एकदम बोलायला लागले, आणि त्यांत कुठेतरी ते वायसर नसलेलं भोक शिट्टी वाजवत होतं. जायला हवं, जायला हवं, असं ती म्हणत होती आणि पाय पिढ्याकडे गेले. गुडघ्यांनी विचारलं नाही. ती बसली.

बस बाई, थकली असशीन... कोण म्हणालं? कुणी नाही. वाराच होता. पण असं कुणी म्हणावं म्हणून ती इतकी वर्षं उभी होती काय? लग्न झाल्यापासून ती या छपराला खालून हात लावूनच होती. मास्तरांच्या कंबरेला मिठी मारून होती, ते गेल्यावरही. पिठाचे हात. सोड आता, असं म्हणायलाच मागे कुणी राहिलं नव्हतं.

दावं तिच्या उजव्या हाताजवळ होतं, तंतुवाद्याच्या तारेसारखं ताणलेलं. तिने त्यावर तळवा ठेवला. दाव्याच्या ओढीत चांदी होती. वादळाआधीची, कान ताठ करून दाव्याला हिसके देणारी, डोळे पांढरे करून तिच्याकडे बघणारी चांदी. अशा वेळी बांधून ठेवायचं नसतं. हे हाताला ठाऊक होतं, तिच्या आधी ठाऊक होतं. हात दाव्यावरून सरकत खुट्याकडे गेला, गाठीवर येऊन थांबला. गाठ घट्ट होती. किंवा थोडी सरकली होती. ती चाचपत होती, नीट आहे का बघायला चाचपत होती, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि बोटांनी गाठीचं मोकळं टोक शोधून धरलं होतं, एका झटक्यात जे सुटतं ते. ते आवळायचं होतं की...

"मास्तरीणबाई!" भिंतीपलीकडून शकुनबाई हाका मारत होती. "अवं, कुठं हाये तुम्ही?"

हाये, हाये इथंच, असं तिने म्हटलं, की नुसते ओठ हलले. टोक बोटांत होतं. तिने ते ओढलं नाही, सोडलंही नाही. वर टिन आदळत होती, किंवा गडगडत होतं, किंवा नुसतीच माती पडत होती पत्र्यावर. यातलं कोणतं, ते तिला सांगता आलं नसतं. आणि आपल्याला ते सांगता येत नाही हेही तिच्या उशिरा ध्यानात आलं. कान खाली आला होता. ती डोळे मिटून बसून राहिली, आणि हातातलं दावं ओढत होतं, ढिलं होत होतं, पुन्हा ओढत होतं, श्वासासारखं.