मेव्हिसच्या ठेल्यापुढची रांग

सुरीच्या टोकावर चीजचा एवढासा तुकडा — पिवळट, कडेने भुगा होत आलेला — आणि तो पुढे धरणारा हात मेव्हिसचा, बोटांची पेरं आता सुजलेली... पुढची बाई चव घेते, मान डोलावते. हिल्डा रांगेत तिसरी.

लडलो गावच्या बाजारात ती आज पाहुणी होती, सहलीच्या बसमधून आलेली. बाकीचे किल्ला बघायला गेले — तिला तो काय बघायचाय, तिथल्या भिंतीवर बसून तिने आणि मेव्हिसने, दोघी बहिणींनी, चोरीची सफरचंदं खाल्लेली — आणि पाय आपोआप बाबांच्या ठेल्याकडे वळले. आपोआप कसले! अकरा वर्षं पायांना हेच तर जमलं नव्हतं. बाबांच्या अंत्यविधीला 'येते' म्हणून कळवलं आणि आली नाही. का?... आजही धड सांगता येणार नाही. धीर झाला नाही, एवढंच. त्यानंतर धाकटीचं एक अक्षर नाही.

'तुम्ही व्हा पुढे, माझं अजून ठरत नाहीये,' ती मागच्या म्हाताऱ्याला म्हणाली. मग त्याच्या मागच्या बाईलाही.

'माझ्याकडे रांग मोडत नाहीत, बाई,' मेव्हिस मान वर न करता म्हणाली, 'आणि खेळवतही नाहीत. वेळच काढायचा तर पोस्टात जाऊन उभ्या राहा!'

लोक हसले. सवयीने हिल्डाही हसली. हिने ओळखलं? की कुणालाही ही अशीच झाडते?

चव दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला चीज विकायचं नाही, हा बाबांचा शिरस्ता. घरच्यांना मात्र चव नाही. 'घरच्यांना काय विचारायचं?' म्हणायचे. म्हणून हिल्डाने ठरवून टाकलं — सुरी पुढे आली की मुकाट्याने चव घ्यायची, 'छान आहे' म्हणायचं आणि निघायचं. मी परकी झालेच आहे... माझी मीच झाले.

तिची पाळी आली. मेव्हिसने पाहिलं, नजर थबकली, की उन्हाने बारीक झाली, कोण जाणे. मग तिने चीज कापायच्या तारेने एक तुकडा कापला, कागदात गुंडाळून समोर ठेवला. सुरी फळीवर तशीच पडून.

'अजून काही?'

म्हणजे घरची?... की चव देण्याच्याही लायकीची नाही? मेव्हिसच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पण अकरा वर्षांत प्रथमच हिल्डाला या प्रश्नाच्या उत्तराची भीती वाटत नव्हती. आपण आता काहीतरी बोलणार, एवढं तिला जाणवलं. काय, ते ठाऊक नव्हतं, आणि तरी ती जागची हलली नाही.