न जाणाऱ्या नवऱ्याची छाती

सल्लागाराच्या ऑफिसात शिरलं की समोरची भिंत अंगावर येते. कायमच्या रहिवासाची परवानगी मिळालेली जोडपी तिथे फ्रेममध्ये टांगलेली आहेत. नवरा, बायको आणि दोघांच्या मध्ये तो कागद. सगळ्यांचे दात दिसतात. मी कृत्रिम दात बनवते, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच जातं. दोघातिघांना कामाची गरज होती.

"मिस्टर कधी येणार?" सल्लागाराने विचारलं.

"येणार नाहीत."

"म्हणजे सध्या नाही."

"सध्या नाही आणि पुढेही नाही."

त्याने पेन खाली ठेवलं आणि आवाज आजारी माणसाजवळ बसल्यासारखा केला. "भांडण आहे का?"

"रोज. फोनवर. त्याशिवाय दोघांनाही झोप लागत नाही."

आमचे हे मायदेशी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. तिकडे सगळं शहर त्यांना मास्तर म्हणतं. एकदा रजा काढून इथे आले होते. आल्यावर कळलं की इथे गाडी चालवायची तर पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा परीक्षा, आणि शेजारी बसणारा शिक्षक नुकतं मिसरूड फुटलेला. "अर्ध्या शहराला क्लच शिकवला मी. आता हा मला आरसा बघायला सांगणार?" असं म्हणून त्यांनी जी बॅग भरली, ती पुन्हा इकडच्या दिशेने उघडली नाही. त्यांनी मलाही परत ये म्हटलं नाही. तिकडच्या लॅबमध्ये दात मी घडवायचे आणि सही मालकाचा मेहुणा करायचा. इथे पुढच्या दातांचं टेबल माझं आहे. पोर्सेलिनचा थर चढवून दात भट्टीत जातो तेव्हा त्याच्या डबीवर माझं नाव असतं. थोडक्यात, जागचं हलायचं नाही यावर आमचं दोघांचं पूर्ण एकमत आहे. इतकं एकमत मी त्या भिंतीवरच्या जोडप्यांतही पाहिलेलं नाही.

"तरी त्यांची वैद्यकीय तपासणी लागेल," सल्लागार म्हणाला. "नवरा येवो न येवो, नियम आहे. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. नाही केली तर तुमचा अर्ज बाद. आणि तुमचा कामाचा परवाना तर उन्हाळ्यात संपतोय. गाशा गुंडाळावा लागेल." मग तो पुढे झुकला. "नाहीतर 'विभक्त' या चौकटीत खूण करा. नवरा हा विषयच मिटला. कागदावरच हो! कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

घरी येऊन फोन लावला. मास्तर गाडीत होते, शेजारी शिकाऊ. हल्ली एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई शिकायला येतात आणि आमचे सगळे फोन त्यांच्या कानावरून जातात.

"मी जिथे जाणार नाही, तिथल्या सरकारला माझी छाती कशाला हवी?" मास्तर कडाडले. "दुसरा गिअर टाका, बाई. तुला नाही गं. आणि लघवीसुद्धा? मी नाही देणार."

"अर्ज बाद होईल."

"होऊ दे. त्यांना तू हवी असशील तर तुला ठेवतील. माझं सामान कशाला तपासतात?"

"मग विभक्त लिहू?"

"काय लिहायचं ते लिही!"

मी पाणी प्यायले. राग आला की मी पाणी पिते. भट्टीजवळ काम करून लागलेली सवय.

"अहो, ऐका. शिकवायच्या गाडीत तुमच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. मी शिकायला गेले, नोकरी धरली, समुद्र ओलांडून आले. एकदाही पाय दाबला नाहीत. तुमचं हेच मला आवडत आलंय. आज कशाला दाबताय?"

पलीकडे गचका बसल्याचा आवाज आला. गाडी बंद पडली.

"मी नाही हं पाडली," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मास्तरांचाच पाय पडला. आणि मास्तर, मागे ट्रक उभा आहे, तो हॉर्न वाजवतोय, आणि तुमची बायको बरोबर बोलतेय."

गाडी पुन्हा सुरू झाली.

"कुठल्या दवाखान्यात जायचं?" मास्तरांनी विचारलं.

तिथे काय झालं ते त्यांनीच मला रंगवून सांगितलं. डॉक्टरने विचारलं, "कधी निघताय?"

"निघत नाहीये."

"मग तपासणी कशासाठी?"

"न जाण्यासाठी."

डॉक्टरने म्हणे त्यांच्या डोळ्यांत टॉर्च जरा जास्तच वेळ मारला. शेवटी अहवालात प्रकृती ठणठणीत, राहण्यास पात्र, असा निर्वाळा मिळाला. न राहण्यासाठी इतका पात्र माणूस त्या दवाखान्यात पूर्वी आला नसावा.

मग मला मुलाखतीला बोलावणं आलं. सल्लागाराने बजावून ठेवलं होतं, "नवऱ्याचं विचारलं तर 'पुढे बघू' म्हणा. हे खोटं नाही. हे नुसतं लांबणीवर टाकणं आहे."

अधिकारी बाई चष्म्यावरून बघत होत्या. त्यांच्या पुढच्या एका दाताची छटा शेजारच्या दाताशी जुळत नव्हती. कुणीतरी उरकलेलं काम. मी जीभ आवरली.

"पती नंतर येतील, असं लिहू?"

एक 'हो' म्हटलं असतं तर मोकळी झाले असते. पण तो 'हो' मास्तरांच्या वतीने द्यायचा होता, आणि त्या माणसाने तर माझ्यासाठी नुकताच शर्ट काढला होता.

"नाही. येणार नाहीत."

"एकत्र राहायचं नाही, तर लग्न टिकवलंय कशासाठी?"

"टिकवलं बिकवलं नाही, बाई. ते आहेच. टाकीचा बॉल कॉक कुठल्या दुकानातून आणायचा, यावरून ते आज सकाळी माझ्याशी भांडलेत. परक्या बाईशी कोण एवढं भांडेल?"

"हे मी इथे कसं लिहू?"

"येणार नाहीत, एवढंच लिहा. आणि छाती स्वच्छ आहे, तेही लिहा. त्यांनी फार मनावर घेऊन तपासून घेतलीय."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मी त्यांच्या दाताकडे बघायचं टाळलं.

परवानगी आली, उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याच आठवड्यात मास्तरांचं कुरियर आलं. एक्स-रेची त्यांच्याकडची प्रत, सोबत चिठ्ठी: 'तुझ्या सरकारचं बघून झालं. आता तू ठेव.'

सल्लागाराला आनंद झाला, पण भिंतीची अडचण होती. "इथे जोडप्याचाच फोटो लागतो हो."

मी एक्स-रे स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेला चिकटवला. सकाळच्या उन्हात मास्तरांच्या बरगड्या छान उजळल्या. शेजारी कागद धरून मी उभी राहिले आणि फोटो काढून दिला.

"अहो, हे काय! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईंचा नवरा आतूनसुद्धा बरा आहे."

मास्तरांनी फोटो पाहिला आणि तक्रार केली की त्यांचा एक खांदा खाली उतरलेला दिसतोय. सारखं दुसऱ्याच्या स्टेअरिंगकडे हात नेऊन तसा झालाय, याची कुठेतरी नोंद हवी होती, म्हणाले.

सल्लागाराने फ्रेम लावली, पण दाराच्या मागे. दार उघडं असलं की आम्ही दोघं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत गेले आणि भिंतीच्या बरोबर मधोमध आमच्या फ्रेमसाठी जागा केली. हातोडी आणि खिळा मी घरूनच नेला होता.