फलाटाने मला चावी दिली

बाईंनी ‘नामंजूर’वर टिचकी मारली आणि चष्मा कपाळावर सरकवला. नववीच्या ब्लॉगवर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळही झळकत नसे. गेल्या महिन्यात नजर जरा चुकली, तर तीन मुलांच्या लेखांतले आजोबा शब्दशः सारखे निघाले. तिघांनीही ते एकाच ठिकाणाहून उचलले होते. पालकांत हसं झालं. “पुन्हा असं झालं तर ब्लॉग बंद,” मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

आणि आता ही मुंगी. चणीने लहान, कायम लगबगीत, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिने लिहिलं होतं : ‘सकाळी फलाट आला. फलाटाने मला चावी दिली. मी सगळी चावी प्यायलो.’

“काहीतरी खरडायचं आणि द्यायचं ठोकून,” बाई पुटपुटल्या.

मधल्या सुट्टीत मुंगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी.

“बाई, त्यात चूक नाहीये.”

“फलाट चावी देतो होय गं?”

“फलाट म्हणजे आई. चावी म्हणजे पाणी.” ती ओढणीचं टोक पिळत होती. “ते बाबांचं बोलणं आहे. मी फक्त उतरवून घेतलंय.”

तिचे वडील बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे, कुठली वेळेवर, कुठली उशिरा. अख्खं स्थानक त्यांच्या आवाजावर हलायचं. मग मेंदूला झटका आला. अंग सावरलं, आवाजही आला, पण शब्द आपापल्या जागी परतले नाहीत.

“सगळे त्यांना सुधारत बसतात. मामा, शेजारचे काका, आईसुद्धा. मग ते तोंड मिटून घेतात. मी नुसती लिहीत बसते ना, तर खूप बोलतात.”

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली. “बस. पुढचं वाच बघू.”

मुंगी हलक्या आवाजात वाचू लागली. ‘सगळ्या गाड्या माझ्या तोंडात उभ्या आहेत. मी एकीचं नाव घेतो, दुसरीच सुटते.’

पलीकडे गणिताचे सर चहा ढवळत होते. चमचा थांबला.

बाई पुढे झुकल्या. “हे वाक्य त्यांचं?”

“हो. तेवढं बोलताना एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मला भीतीच वाटली.”



“आणि तुला काय म्हणतात?” बाईंनी विचारलं.

“मला अजून शब्द मिळाला नाहीये त्यांना. नुसते बघत राहतात.”

बाईंनी मजकूर होता तसा ब्लॉगवर टाकला, काना-मात्रेलाही हात न लावता. संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला.

“अहो बाई, हे फलाट न् चावी काय प्रकरण आहे? तुम्ही तपासलंत ना?”

“तपासलंय सर. एकदा मोठ्याने वाचा, शेवटपर्यंत.”

त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

पुढच्या आठवड्यात मुंगीचा नवा मजकूर आला. इनमीन दोन वाक्यं. बाईंनी ती मनात वाचली, मग नकळत मोठ्याने :

‘मी शाळेतून घरी आले. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, वेळेवर.’

गणिताच्या सरांनी वहीतून मान वर केली नाही. फक्त म्हणाले, “पुन्हा वाचा.”